वर्ध्याचा पांडुरंग, मेक्सिकोचा मका

पावसाळा तोंडावर आला की आमच्या घरात दोनच विषय असतात. पाऊस कधी, आणि बी कुठलं. संगमेश्वरच्या बाजूला आमची थोडी भातशेती आहे. यांची नोकरी आणि माझ्या शिकवण्या रत्नागिरीत, त्यामुळे गावची सगळी धुरा मोठ्या जाऊबाईंवर. आम्ही लावणीला आणि कापणीला जाऊन हातभार लावणार, फोटो काढणार आणि तांदूळ घेऊन येणार! शहरातल्या सुनांचं असंच असतं, खोटं कशाला बोला.

२०२० च्या हंगामात आमच्याकडे दुकानातून आणलेलं संकरित भात लावलं होतं. पीक इतकं जोरात आलं की कणगी भरून वर पोती ठेवावी लागली. तेव्हा मी शहाणपणा केला. एवढं चांगलं भात घरात आहे, मग पुढच्या वर्षी पुन्हा पैसे मोजून बी कशाला आणायचं? टपोऱ्या लोंब्या निवडून काढू आणि तेच पेरू, असं मी जाऊबाईंना पटवलं. मी बीएस्सी झालेली, तीसुद्धा बॉटनी घेऊन. त्यामुळे शेतीतलं मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं, असा त्यांचा (आणि माझाही) समज होता. सासूबाई मात्र काही बोलल्या नाहीत. आपल्या जुन्या पाटणी भाताचं थोडं बी त्यांनी पेंढ्याच्या मुडीत बांधून माळ्यावर ठेवलं, एवढं मी पाहिलं.

पुढच्या वर्षी भाद्रपदात शेत बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. एकच खाचर, पण अर्धी रोपं कमरेपर्यंत आणि अर्धी गुडघ्यापर्यंत. काही पसवून वाकलेली, काही नुकती पोटरीत, काही हिरवीगार नुसती उभी. पहिलीपासून दहावीपर्यंतची मुलं एकाच वर्गात कोंबावीत तसा प्रकार. कापायचं तरी कधी? आधी पिकलेलं झडायला लागलं, तेव्हा मागचं दाणा धरत होतं. निम्म्याहून जास्त पीक गेलं. जाऊबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. मला ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मेंडेलचे मटार मी परीक्षेत उत्तम लिहून आले होते! दोन वेगळ्या शुद्ध जातींचा संकर केला की पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार निघते, पण तिच्या दाण्यापासून आलेल्या दुसऱ्या पिढीत आजोबा-पणजीचे सगळे गुण सुटे होऊन वर येतात. पुस्तकातला हा मटार आमच्या खाचरात येऊन उभा राहील, हे मात्र सुचलं नाही. म्हणून मैत्रिणींनो, ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा. पिशवीवर ‘संकरित’ लिहिलं असेल तर ते बी दरवर्षी नवं आणावं लागतं. ‘सुधारित’ वाण असेल, म्हणजे आपल्या शिरगावच्या केंद्राची रत्नागिरी-१ किंवा रत्नागिरी-२४ सारखी जात, तर निवडून, भेसळ काढून काही वर्षं घरचं बी चालतं. भाताचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे जात सहसा बिघडत नाही. दोन शब्द सारखेच वाटतात, पण त्यात एका वर्षाच्या तांदळाचा फरक आहे.

या अपराधी मनानंच मी वाचनालयात शेतीची पुस्तकं चाळायला लागले. त्यात वीणा गवाणकरांनी लिहिलेलं डॉ. पांडुरंग खानखोजे यांचं चरित्र हाती लागलं. त्यांचं ‘एक होता कार्व्हर’ शाळेत असताना वाचून मी रडले होते, म्हणून हेही आणलं. खानखोजे म्हणजे गदर चळवळीतले एक क्रांतिकारक, एवढीच माझी माहिती. हा माणूस मेक्सिकोत जाऊन मक्याच्या नव्या जाती तयार करत होता, हे वाचून मी उठून बसले. आणि मग मिळेल ते वाचत सुटले.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ चा, वर्ध्याचा. कपाशीचा मुलूख. आजोबांपासून घरात सत्तावनच्या बंडाच्या आठवणी जाग्या होत्या. शाळेच्या वयातच मुलाच्या डोक्यात इंग्रजांना हाकलून लावायचं भूत शिरलं. त्या काळी असं भूत शिरलेल्या प्रत्येक मुलाचं दैवत एकच होतं, लोकमान्य टिळक. म्हणजे बघा, आमच्या रत्नागिरीतल्या टिळक आळीत जन्मलेल्या माणसानं वर्ध्याच्या या पोराला दिशा दाखवली. परदेशी जाऊन लष्करी शिक्षण घ्यावं, हा सल्ला टिळकांचा. जपानकडे तेव्हा सगळ्या आशियाचे डोळे लागलेले होते. खानखोजे विशीतच घर सोडून निघाले, आधी जपानला आणि तिथून अमेरिकेला.

घरी काय सांगून निघाले असतील? चरित्र वाचताना मी सारखी तिथेच अडकत होते. आपला मुलगा दोन वर्षांसाठी पुण्याला शिकायला गेला तरी आपला जीव वरखाली होतो. इथे तर फोन नाही, पत्र लिहिलं तर पोलिसांच्या हाती पडायची भीती. मुलगा जगतोय की नाही, हेही त्या घराला वर्षानुवर्षं कळलं नसणार.

अमेरिकेत त्यांनी दोन शाळा धरल्या. एक कॅलिफोर्नियातली लष्करी अकादमी, आणि दुसरी शेतीची. ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत त्यांनी शेतीशास्त्राचं शिक्षण घेतलं. बंदूक आणि नांगर, दोन्ही एकदम. ऑरेगनच्या लाकूडगिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांना जमवून त्यांनी संघटना बांधायला घेतली. १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला, त्याच्या संस्थापकांत लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना यांच्याबरोबर हे खानखोजे होते. लष्करी बाजू त्यांच्याकडे होती.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तसे ते तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले. तिथून बलुचिस्तानच्या बाजूनं हिंदुस्थानात शिरायचं आणि इंग्रजांवर मागून घाव घालायचा, असा बेत होता. तो फसला. बरोबरचे काही सोबती मारले गेले. स्वतः खानखोजे पकडले गेले आणि निसटले. पुढे ते तिथल्या भटक्या टोळ्यांबरोबर राहिले. या भागावर एक सिनेमा सहज निघेल. पण मला तो वाचताना सारखं वाटत होतं की याचं खरं काम अजून यायचं आहे. युद्धानंतर बर्लिन झालं, १९२१ च्या सुमारास मॉस्को झालं, लेनिनची भेटही झाली. पण हाती काही लागलं नाही. मायदेशी परतायची सोय नाही, कारण तिथे फास तयार. चाळिशी आलेली. एवढं सगळं करून हात रिकामेच.

१९२४ साली ते मेक्सिकोला पोचले. गंमत म्हणजे त्याच वर्षी सावरकर सशर्त सुटून आमच्या रत्नागिरीत स्थानबद्ध म्हणून आले. एकाला जिल्ह्याबाहेर जायची बंदी आणि दुसऱ्याला देशात यायची! मेक्सिकोत तेव्हा नुकतीच क्रांती होऊन गेली होती. जमीनदारांच्या जमिनी फोडून शेतकऱ्यांना वाटायचं काम चाललं होतं. पण जमीन मिळाली म्हणून पीक येत नाही. शेतकरी अडाणी, बी जुनं, पाणी बेभरवशाचं. चापिंगो इथे सरकारची शेतीशाळा होती, आजही तिथे मोठं कृषी विद्यापीठ आहे. तिथे खानखोजे वनस्पतिशास्त्र आणि पीकसुधारणा शिकवायला लागले. परक्या देशात, परक्या भाषेत. स्पॅनिश शिकून त्यांनी त्याच भाषेत पुस्तिका लिहिल्या.

आता मक्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर या माणसानं काय केलं ते कळायचं नाही. (शिक्षिकेची खोड आहे, सांभाळून घ्या.)

आपण कणीस भाजताना वरचे रेशमी केस ओढून फेकून देतो ना, तो प्रत्येक केस म्हणजे एकेका दाण्याची वाट असते. मक्याच्या झाडाच्या शेंड्याला तुरा येतो, ते नर फूल. खाली खोडाच्या मध्यावर कणीस, ते मादी. तुऱ्यातले परागकण वाऱ्यानं उडून त्या केसावर पडले आणि आत उतरले, की तो एक दाणा भरतो. केस कोरडाच राहिला तर त्या जागी कणसाला खळगा. भाताचं फूल आपापलं घर सांभाळून असतं, पण मका मात्र वाऱ्यावर सोडलेला. शेजारच्या शेतातला परागही येऊन बसतो. म्हणून ज्याला मक्याची नवी जात करायची, त्यानं आधी कणसाला केस फुटण्यापूर्वी कागदी पिशवी घालायची, हव्या त्या झाडाचा पराग दुसऱ्या पिशवीत झटकून जमवायचा, आणि योग्य वेळी तो त्या केसांवर टाकून पुन्हा पिशवी बांधायची. हे रोज, शेकडो झाडांवर, भर उन्हात. मग ते दाणे वेगळे ठेवायचे, चिठ्ठ्या लावायच्या, पुढच्या वर्षी पेरायचे, त्यातून दहा रोपं निवडायची आणि नव्वद उपटायची. असं आठ-दहा वर्षं. चिकाटीचं काम आहे. आपल्या बायकांना ते काम नवं वाटायचं नाही. सुपात धान्य घेऊन निवडणं आणि पुढच्या वर्षाला बी राखणं पिढ्यान् पिढ्या आपणच करत आलो. फक्त वहीत लिहिलं नाही.

मक्याचा मूळ पूर्वज म्हणजे टिओसिंटे नावाचं मेक्सिकोतलं रानटी गवत. त्याचं कणीस म्हणायचं तर बोटाएवढंही नसतं. पाच-दहा दाणे एका ओळीत, आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या कवचात. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी त्या गवतातून निवडत निवडत आजचा मका घडवला. तेव्हा प्रयोगशाळा नव्हती, पदवी नव्हती.

खानखोजेंनी केलं काय, तर या घरंदाज मक्याची त्याच्या रानातल्या भाऊबंदांशी पुन्हा सोयरीक जुळवली. मका आणि टिओसिंटे यांच्या संकरातून त्यांनी ‘टिओ-मका’ तयार केला. रानटी नातेवाईक दिसायला ओबडधोबड, पण अंगानं काटक असतो. कोरड्यात तगतो, रोगाला दाद देत नाही, एका झाडाला अनेक फुटवे काढतो. ते गुण मक्यात आणायचे आणि दाणा मात्र मक्याचा ठेवायचा, हे गणित. लग्नातसुद्धा सासरचं नाक आणि माहेरचा रंग मागून मिळत नाही. गुणांबरोबर खोडही येते. मग ती खोड पुढच्या पिढ्यांत निवडून निवडून काढावी लागते. त्यांनी बोटांसारख्या अनेक कणसांचा गुच्छ येणाऱ्या एका मक्यावरही काम केलं. त्या मक्याला त्यांनी ‘ग्रानादा’ म्हटलं, म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंब. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९३६ चं आहे. शिवाय थंडीला टिकणाऱ्या, दुष्काळाला तोंड देणाऱ्या गव्हावरही त्यांनी प्रयोग केले. मेक्सिकोतला गहू म्हटलं की आपल्याला नॉर्मन बोरलॉग आठवतात, पुढे नोबेल मिळालेले, आपल्या हरितक्रांतीचे बोरलॉग. ते मेक्सिकोला पोचले १९४४ साली. त्याच्या वीस वर्षं आधीपासून आपला वर्ध्याचा माणूस तिथल्या शेतात वाकलेला होता, हे आपल्याकडे कितीजणांना ठाऊक आहे?

पण मला सगळ्यात भावली ती त्यांची शाळा. नवी जात केली आणि सरकारी कपाटात ठेवली, असं त्यांनी केलं नाही. शेतकऱ्यांसाठी त्यांनी ‘मुक्त शेतीशाळा’ काढल्या. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. दिवसभर राबून आलेल्या शेतकऱ्यानं, त्याच्या बायका-मुलांनी यायचं, आणि बी कसं निवडायचं, माती कशी ओळखायची, कीड कशी आवरायची ते शिकायचं. म्हणजे तज्ज्ञानं बी द्यायचं आणि शेतकऱ्यानं हात पसरायचा, असा मामला नव्हता. बी करण्याची विद्याच ते वाटत होते. मला कुणी अशी शाळा दाखवली असती, तर जाऊबाईंचं वर्ष फुकट गेलं नसतं!

त्यांच्या या कामाचे फोटो काढले टीना मोदोत्ती या बाईनं. जगातल्या नामवंत छायाचित्रकारांत तिचं नाव घेतात. आणि मेक्सिकोचा थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा हा तर खानखोजेंचा दोस्तच. मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या इमारतीच्या भिंतींवर त्यानं काढलेली प्रचंड चित्रं आहेत. त्यातल्या एका चित्राचा विषय आहे आपली रोजची भाकरी. टेबलाभोवती कष्टकरी माणसं बसली आहेत आणि मधोमध बसून भाकर मोडतोय तो सावळा, गंभीर माणूस म्हणजे आपले पांडुरंग खानखोजे. मी तो फोटो मोबाईलवर सासूबाईंना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि हा आपल्यातलाच दिसतो, असं म्हणून फोन परत दिला.

१९३६ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी लग्न केलं. पत्नी जान, बेल्जियमची. वयानं बरीच लहान. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन मुली. बेल्जियन आई, मराठी बाप, मेक्सिकोत घर आणि मुलींची नावं ही अशी! सावित्रीबाईंनी पुढे वडिलांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं. ते आलं म्हणून तर ही कहाणी आपल्यापर्यंत नीट पोचली. क्रांतिकारकांच्या बायकांवर कुणी फारसं लिहीत नाही. या जानबाई युरोपातून मेक्सिकोला आल्या, तिथे संसार मांडला, आणि नवऱ्याला मायदेशाची ओढ लागली म्हणून तो मोडून पुन्हा समुद्र ओलांडून नागपूरच्या उन्हात येऊन राहिल्या. नागपूरचा मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल मी काय म्हणते ते. मला विचाराल तर या घरातली दुसरी शूर व्यक्ती त्याच.

मायदेशी येणंही सुखासुखी झालं नाही. देश स्वतंत्र झाला तरी इंग्रजांच्या काळ्या यादीतलं त्यांचं नाव पुसलं गेलेलं नव्हतं. ज्या स्वातंत्र्यासाठी आयुष्य उधळलं, त्याच स्वतंत्र देशाच्या दारात त्यांना अडवलं गेलं. १९४९ साली ते त्या वेळच्या मध्य प्रांत सरकारच्या बोलावण्यावरून शेतीविषयक सल्ल्यासाठी येऊन गेले, आणि १९५५ च्या सुमारास कायमचे नागपूरला आले. १९६७ साली तिथेच वारले. पेरायला घेतलेली जमीन एका देशात आणि जीव दुसऱ्या देशात, असं त्यांचं झालं. चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०२२ साली, आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं.

खानखोजे गेले तेव्हा जनुकं कापून-जोडून पीक बदलण्याची विद्या जन्मालाच आली नव्हती. आज ते असते तर कुणाच्या बाजूनं बोलले असते, हे मी सांगणार नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं मत घालणं सोपं असतं. पण त्यांच्या वर्ध्यात आणि शेजारच्या यवतमाळात पुढे काय झालं, ते आपल्या डोळ्यांसमोर आहे.

बीटी हे मातीतल्या एका जंतूचं नाव. त्याच्यातलं एक जनुक प्रयोगशाळेत काढून कपाशीत बसवलं, की ती कपाशी खाणारी बोंडअळी मरते. ही सोयरीक नव्हे. कपाशी आणि जंतू यांचं लग्न शेतात कधीच लागणार नाही. हे दत्तक घेणं आहे, तेही परक्या कुळातून, पण नेमका एकच गुण. आठ-दहा पिढ्या निवडत बसायचं काम यात बरंच वाचतं. आपल्या सरकारनं २००२ साली या कपाशीला परवानगी दिली आणि दहा-बारा वर्षांत देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी झाली. शेतकरी वेडे नव्हते. सुरुवातीला फवारण्या खरंच कमी झाल्या. मग गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली. २०१७ साली विदर्भात तिनं हाहाकार केला, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. दोष जनुकाचा, की सगळीकडे एकच जात लावण्याचा, की अळीसाठी साध्या कपाशीची कडेची रांग लावा हे सांगूनही न लावण्याचा? तज्ज्ञ भांडतात. मला तिन्ही दिसतात.

मात्र एक गैरसमज मी माझ्या अनुभवावरून दूर करू शकते. बीटी कपाशीचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं ते बीटी आहे म्हणून, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. आपल्याकडे ती संकरित रूपात विकली गेली, म्हणून. म्हणजे आमच्या खाचरातलं भात आणि वर्ध्यातली कपाशी, दोघींचं दुखणं एकच. जगातली पहिली संकरित कपाशी १९७० साली सुरतेला तयार झाली, ती जुन्याच पद्धतीनं, हातानं पराग लावून. तेव्हा जुनी पद्धत म्हणजे शेतकऱ्याच्या हातातली आणि नवी म्हणजे कंपनीच्या हातातली, इतकं सरळ हे प्रकरण नाही. मला तरी प्रयोगशाळेची भीती वाटत नाही. पुढच्या वर्षीचं बी कुणाच्या घरात आहे, हे मी आधी विचारते.

बीटी वांग्याचं आठवतंय? २०१० च्या फेब्रुवारीत सरकारनं त्याला स्थगिती दिली, ती अजून उठलेली नाही. त्याआधी जाहीर सुनावण्या झाल्या, त्यातली एक खानखोजेंच्या नागपुरात. शेजारच्या बांगलादेशात मात्र २०१४ पासून शेतकरी ते वांगं लावतात. उलट आपल्याकडेच २०१९ साली अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी मनाई असलेलं कपाशीचं बी उघडपणे पेरून सत्याग्रह केला. आणि ज्या मेक्सिकोत खानखोजेंनी मक्याचं सोनं केलं, त्या देशानं २०२५ साली राज्यघटनेतच दुरुस्ती करून जनुकं बदललेल्या मक्याच्या लागवडीला मनाई केली. मका तिथे नुसतं पीक नाही, देवच आहे. वारा कुणाचा पराग कुणाच्या कणसावर नेऊन टाकेल याचा नेम नाही, ही त्यांची धास्ती मी वर सांगितलेल्या रेशमी केसांवरून तुम्हाला पटेल. त्याच २०२५ साली आपल्या देशानं भाताच्या दोन नव्या जाती जाहीर केल्या, कमला आणि पुसा डीएसटी राईस-१. यांत परक्याचं जनुक घातलेलं नाही, भाताच्याच जनुकात बारीक दुरुस्ती केली आहे. पुरणपोळीत साखर-गूळ बदलावा तसं नव्हे, तर लिहिलेल्या कृतीतलं एक अक्षर सुधारावं तसं. चांगलं की वाईट, ते शेतात दिसेल. घाई कुणी करू नये, हात जोडून नाही म्हणायचीही नको.

आपल्या कोकणापुरतं बोलायचं तर इथली कामं बहुतेक जुन्या पद्धतीचीच. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेला रत्ना आंबा १९८१ चा. त्यात हापूससारखा साका होत नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्याच संकरातून सिंधू आला, १९९२ साली, कागदासारखी पातळ कोय असलेला. एका आंब्याच्या झाडासाठी किती वर्षं वाट पाहावी लागली असेल! तरी आम्ही रत्नागिरीकर बाजारात हापूसच मागतो. साका निघाला तर बागायतदाराला बोल लावतो, पण रत्ना घेत नाही. जिभेला कोण समजावणार?

या पुस्तकांच्या नादात मी एक गोष्ट केली. गेल्या वर्षी शिरगावहून सुधारित भाताचं बी आणलं आणि जाऊबाईंच्या पुढ्यात ठेवलं. पिशवीवरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, संकरित नाही हेही दोनदा सांगितलं. त्यांनी ते मधल्या खाचरात लावलं. कडेच्या लहान कुणग्यात सासूबाईंची मुडी सोडली. पाटणी लाल दाण्याचं, उत्पन्नाला कमी, पण पावसानं ओढ दिली तेव्हा ते हललं नाही. कापणीच्या आधी आम्ही दोघी जावा शेतात फिरलो. उंच गेलेली, वेगळ्या रंगाची रोपं मी दाखवायची आणि त्यांनी उपटायची. मग त्याच पुढे झाल्या आणि माझ्या नजरेतून सुटलेली तीन रोपं त्यांनी काढून माझ्या हातात दिली.

या मेमध्ये गावी गेले तेव्हा माळ्यावर दोन मुड्या होत्या. एकीला लाल सुतळी, एकीला पांढरी. कुठली कशाची, ते सासूबाईंना माहीत आहे, जाऊबाईंना माहीत आहे. मी विचारून वहीत लिहून घेतलं.